न्याहारीच्या गोड रोलमागची रात्र

दालचिनीचे रोल घरी करायचे म्हणून कुठलीही रेसिपी उघडा, काही सूचना ठरलेल्या असतात. दूध तापवून मग कोमट होऊ द्या. यीस्ट आधी त्या दुधात फेसाळू द्या. दालचिनी पिठात घालू नका, लाटलेल्या पोळीवर पसरा. कापलेले रोल रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. असं का, ते सहसा कुणी सांगत नाही. यातली जवळपास प्रत्येक सूचना कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीवरचा तोडगा आहे. काही अडचणी केव्हाच संपल्या, सूचना तेवढ्या उरल्या.

मूळ अडचण वेळेची. साध्या पावाचं पीठ तास-दीड तासात फुगतं. त्यात साखर, लोणी आणि अंडी पडली की यीस्ट रेंगाळतं. साखर हे यीस्टचं खाद्य खरं, पण ती पाणीही ओढून घेते. मैद्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास साखर असेपर्यंत फारसं बिघडत नाही. अर्धा किलो मैद्याला ७५ ग्रॅम, म्हणजे १५ टक्के साखर घातली की यीस्टच्या पेशींतलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि त्यांचं काम मंदावतं. लोण्याची तऱ्हा वेगळी. ते मैद्यातल्या ग्लूटेन या चिवट प्रथिनाच्या धाग्यांना लपेटून बसतं आणि धागे एकमेकांना नीट धरत नाहीत. म्हणून तर अशा पिठाला आधी चांगलं तिंबून मगच लोणी थोडं थोडं घालतात. थोडक्यात, जो पदार्थ सकाळी सातला गरम हवा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. ती रात्र कुणी जागून काढायची, या प्रश्नाभोवती या रोलचा बराचसा इतिहास फिरतो.

आज यीस्ट पाकिटात मिळतं. अठराव्या शतकातल्या युरोपात ते बिअर गाळणाऱ्याकडून आणावं लागे. बिअर आंबताना पिंपाच्या तोंडाशी फेस जमतो, तो भांड्यात घेऊन यायचा आणि पिठात घालायचा. बिअरमधल्या हॉप्स या कडू फुलांमुळे तो कडवट असे, म्हणून पाण्यात धुऊन घ्यायचे. उन्हाळ्यात तो लवकर नासे आणि त्याचा जोर आज एक तर उद्या दुसराच. असल्या बेभरवशाच्या फेसावर एकदम साखर-लोण्याचा भार टाकणं धोक्याचं होतं. म्हणून आधी नुसता मैदा, पातळ द्रव आणि फेस यांचं सैलसर पीठ भिजवायचं, ते बुडबुड्यांनी भरलं की मगच बाकीचं घालायचं. आजच्या रेसिपींत ‘स्पंज’ म्हणून जी पायरी येते ती हीच. पिठात नेमकं काय घडतं आहे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. डच संशोधक लेव्हेनहूकनं १६८० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टचे गोल कण पाहिले होते, पण ते जिवंत आहेत हे त्याच्या लक्षात आलं नाही. १८३७ मध्ये फ्रान्सच्या कान्यार द ला तूर आणि जर्मनीच्या थिओडोर श्वान यांनी स्वतंत्रपणे ते सजीव असल्याचं मांडलं. त्यांची थट्टा झाली. पुढे लुई पाश्चरच्या प्रयोगांनी वाद मिटवला.

तोवर गोड बन ही मुख्यतः विकत आणायची चीज होती. बहुतेकांच्या घरी चूल असे, भट्टी नसे. इंग्लंडमध्ये तर १५९२ साली लंडनच्या बाजार अधिकाऱ्यानं मसालेदार पाव आणि बन एरवी विकायला मनाई करून अंत्यविधी, गुड फ्रायडे आणि नाताळ एवढ्याच प्रसंगांना मोकळीक ठेवली होती. अठराव्या शतकात लंडनजवळच्या चेल्सीतलं बन हाउस इतकं गाजलं की गुड फ्रायडेला तिथे झुंबड उडे. लेखक जोनाथन स्विफ्टनं १७११ मध्ये तिथला एक बन पेनी देऊन घेतला. तो शिळा निघाला आणि आवडला नाही, असं त्यानं पत्रात लिहून ठेवलं आहे. बनच्या इतिहासातली ही बहुधा सगळ्यात प्रामाणिक नोंद. चेल्सी बन मात्र टिकला. चौकोनी पोळी, त्यावर लोणी, साखर, मसाला आणि बेदाणे, मग गुंडाळी आणि काप, ही आज जगभर चालणारी रचना त्यात आहे.

रचना अशी गुंडाळीचीच का, याचं एक उत्तर दालचिनीत सापडतं. तिला वास देणारं सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य यीस्टला मारक असतं. दालचिनी भरपूर घालून पीठ मळलं तर ते नीट फुगत नाही. लोणी-साखरेसोबत तीच दालचिनी पोळीवर पसरली की यीस्टशी तिची गाठ फक्त थरांच्या कडेला पडते. जुन्या बेकऱ्यांना रसायनशास्त्र ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. न फुगलेला गोळा एकदा पाहिला की पुरे.

दालचिनी स्वस्त होण्याची गोष्ट मोठी आणि रक्तरंजित आहे, इथे ती दोन ओळींत उरकतो. श्रीलंकेची दालचिनी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ताब्यात घेतली, १६५८ मध्ये डचांनी त्यांना तिथून हाकललं आणि १७९६ मध्ये इंग्रजांनी डचांना. साखरेची कहाणी याहून काळी, कारण तिच्या मुळाशी कॅरिबियनमधली गुलामगिरी होती. युरोपच्या उत्तरेकडच्या घरांपर्यंत साखर पोचली ती बीटमुळे. बीटमध्ये उसासारखीच साखर असते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मारग्राफनं १७४७ मध्ये दाखवलं. त्याचा शिष्य आखार्ड यानं एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आजच्या पोलंडमधल्या सायलेशियात पहिला कारखाना काढला. या साखर कारखान्यांतून उरणारी मळी पहिल्या महायुद्धानंतर यीस्ट वाढवायला सर्रास वापरली जाऊ लागली. पिठात यीस्टला छळणारी साखर कारखान्यात अशी त्याला पोसते.

खरी कलाटणी मिळाली व्हिएन्नात, आणि तीही एका पंचाईतीतून. १८४० च्या दशकात तिथले बिअर उत्पादक लागर बिअरकडे वळले. लागरचं यीस्ट थंडीत, सावकाश आणि पिंपाच्या तळाशी काम करतं, त्यामुळे बेकऱ्यांना लागणारा वरचा जोमदार फेस मिळेनासा झाला. व्हिएन्नाच्या बेकरांच्या संघानं नव्या यीस्टसाठी बक्षीस लावलं. आडोल्फ इग्नात्स माउट्नर यानं धान्याच्या आंबवणातून यीस्ट काढून, धुऊन, दाबून त्याच्या वड्या करण्याची रीत बसवली. या वड्यांना कडवटपणा नव्हता आणि जोर एकसारखा होता. ठरावीक वजन घातलं की पीठ ठरावीक वेळेत फुगणार, असा हिशेब पहिल्यांदा जमू लागला. जोडीला हंगेरीतल्या रोलर गिरण्यांचा पांढराशुभ्र, बारीक मैदा आला. १८७३ मध्ये व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा तिथला पाव खाऊन पाहुणे थक्क झाले.

त्या पाहुण्यांत अमेरिकेचे एबेन हॉर्सफर्ड होते. हा माणूस मोठा गमतीशीर योगायोग आहे. हार्वर्डमधले हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आधुनिक बेकिंग पावडरच्या जनकांपैकी एक. फॉस्फेटवर चालणाऱ्या पावडरचं पेटंट त्यांनी १८५६ मध्ये घेतलं होतं. यीस्टची वाट पाहण्यापासून गृहिणीची सुटका करणारं त्यांचं उत्पादन बाजारात होतं, आणि तेच व्हिएन्नाच्या यीस्टच्या पावाचा सविस्तर अहवाल लिहून १८७५ मध्ये त्याची भरभरून तारीफ करतात! ते ज्या अध्यासनावर होते त्याला काउंट रमफर्डचं नाव होतं, आणि उघड्या चुलीऐवजी बंदिस्त शेगडी घरात आणण्याची खटपट अठराव्या शतकाच्या अखेरीला करणारा तो हाच रमफर्ड. वडीचं यीस्ट अमेरिकेत रुजवलं फ्लाइशमन बंधूंनी. त्यांनी १८६८ मध्ये सिनसिनाटीत उत्पादन सुरू केलं आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात चक्क व्हिएन्ना पद्धतीची बेकरी थाटली. फिलाडेल्फियाच्या परिसरात जर्मन वसाहतकऱ्यांचे, तळाला साखरेचा पाक असलेले चिकट गुंडाळी-बन आधीपासून होतेच.

यीस्टचा भरवसा आला, पण रात्र सुटली नाही. शहरांना सकाळी ताजे रोल हवे होते, म्हणजे बेकरीतली माणसं आदल्या रात्रीपासून तळघरात, पिठाच्या धुरळ्यात आणि भट्टीच्या धगीत. ब्रिटनमध्ये १८६३ च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांना रात्री ९ ते पहाटे ५ बेकरीत कामाला ठेवायला बंदी केली. १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं बेकऱ्यांतल्या रात्रपाळीविरुद्ध स्वतंत्र करारच केला. रात्र म्हणजे सलग किमान सात तास, आणि त्यात रात्री ११ ते पहाटे ५ हा वेळ आलाच पाहिजे. मालक स्वतः काम करत असला तरी त्याला सूट नाही. सूट होती ती घरच्या माणसांनी घरच्यांसाठी केलेल्या पावाला. कायद्यानं बेकरीवाल्याला झोपवलं आणि घरातल्या बाईला जागं राहायची मुभा दिली, असं कुणी म्हटलं तर ते अगदीच चूक नाही.

घरात हा पदार्थ रुळायला ओव्हन हाताशी यावा लागला. लोखंडी शेगडीत भट्टी असे, पण तापमान कळायला साधन नसे. आत हात धरून किती वेळ सोसवतो ते मोजायचं, किंवा पांढरा कागद ठेवून तो किती वेळात तपकिरी होतो ते पाहायचं. साध्या पावाला हा अंदाज चालतो. गोड रोल मात्र साखरेमुळे वरून लवकर काळवंडतो आणि मध्ये कच्चा राहतो, त्याला १८०-१९० अंशांच्या आसपास स्थिर आच लागते. १९१० च्या दशकात अमेरिकेत तापमान स्वतः राखणारे गॅसचे ओव्हन येऊ लागले, तेव्हाच रेसिपीत अंश लिहिण्याला अर्थ आला. स्वीडनचा कानेलबुल्ले, म्हणजे तिथला दालचिनीचा रोल, याच सुमाराचा. पहिल्या महायुद्धातली टंचाई सरल्यावर, साखर, लोणी आणि मैदा पुन्हा मिळू लागल्यावर तो दिसू लागला, आणि १९५० च्या दशकात घरोघरी पोचला. त्याच्या पिठात वेलची असते. वेलची यीस्टला तितकी जाचत नाही, म्हणून ती आत आणि दालचिनी थरांत. १९९९ पासून तिथे ४ ऑक्टोबर हा त्याचा दिवस म्हणून पाळतात, पण तो घरगुती बेकिंगला चालना देणाऱ्या मंडळानं सुरू केलेला उपक्रम आहे. कुणी फार प्राचीन परंपरा म्हणून सांगितलं तर मान डोलावू नका.

रात्र खऱ्या अर्थानं सोडवली फ्रिजनं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस विजेचे फ्रिज अमेरिकी घरांत शिरले आणि त्यापुढच्या दशकात पाककृतींच्या पुस्तकांत ‘रेफ्रिजरेटर रोल’ हा प्रकारच तयार झाला. चार अंशांना यीस्ट मरत नाही, फार हळू चालतं. संध्याकाळी रोल करून, ताटलीत एकमेकांपासून बोटभर अंतरावर मांडून, झाकून आत ठेवायचे. सकाळी बाहेर काढले की ते गारठलेले, जरासेच फुगलेले दिसतात. तासाभरात एकमेकांना टेकले आणि बोटानं हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला, की ओव्हनमध्ये घालायचे. थंडीचा आणखी एक फायदा असा की कापण्याआधी गुंडाळी जरा गार केली तर लोणी घट्ट होतं, त्यामुळे ती कापताना चेपत नाही. तरी सुरी नकोच. गुंडाळीखालून दोरा सरकवायचा, दोन्ही टोकं वर घेऊन एकमेकांवरून उलट ओढायची, काप गोल राहतो.

झटपट मार्गही निघाले. १९३१ मध्ये केंटकीतल्या लाइव्हली विलोबी यानं डब्यात बंद थंड पिठाचं पेटंट घेतलं. डबा आपटला की फट्कन उघडतो, तो हाच. १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पिल्सबरी या मैदा विकणाऱ्या कंपनीनं भरवलेल्या पहिल्या मोठ्या बेकिंग स्पर्धेत ५०,००० डॉलरचं बक्षीस मिळालं ते गोड पिळाच्या रोलना. त्यांचं पीठ कापडात गुंडाळून कोमट पाण्यात बुडवायचं आणि ते फुगून तरंगलं की काढायचं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी आलेलं कोरडं दाणेदार यीस्ट तोवर घरांत पोचलं होतं. त्याला आधी कोमट द्रवात जागं करावं लागे. १९७० च्या दशकातलं इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळता येतं, तरी रेसिपी फेसाळण्याची पायरी सोडत नाही. दूध तापवण्याचं तसंच, पण ते पूर्ण निरर्थक नाही. दुधातली काही प्रथिनं पीठ ढिलं करतात, ती मोडायला ऐंशी अंशांच्या वर तापवावं लागतं, आणि नेहमीचं पाश्चरायझेशन तिथवर जात नाही.

जपाननं मात्र साखरेची अडचण वेगळ्या वाटेनं सोडवली. बिअरचं यीस्ट सहज मिळत नसल्यानं किमुरा यासुबेई यांच्या बेकरीनं १८७४ मध्ये साके ही जपानी दारू करण्याच्या तांदळाच्या आंबवणावर गोड बन फुगवले आणि आत अझुकी घेवड्याचा गोड लगदा भरला. पुढच्याच वर्षी ते सम्राट मेइजींना पेश झाले. हे आंबवण साखरेला बऱ्यापैकी सोसतं. त्याची चाल मंद, पण पीठ गोड असलं म्हणून ते हातपाय गाळत नाही. आता खास गोड पिठासाठी वेगळ्या जातीचं यीस्ट विकत मिळतं, त्यामागे हाच गुण आहे.

उरला प्रश्न दुसऱ्या दिवसाचा. यीस्टचा रोल रात्रीतून कडक होतो, कारण भाजताना फुललेलं स्टार्च पुन्हा घट्ट रचलं जातं, आणि फ्रिजच्या थंडीत ते आणखी लवकर होतं. म्हणजे कच्चे रोल फ्रिजमध्ये आणि भाजलेले बाहेर, हे उलटं करू नये. पूर्व आशियातल्या बेकऱ्यांनी यावर थोडा मैदा पाच पट पाण्यात किंवा दुधात शिजवून, ती खळ पिठात घालण्याची रीत वापरली. २००७ मध्ये तैवानच्या इव्होन चेन यांच्या पुस्तकानं ती घरोघरी नेली. खळ सुमारे ६५ अंशांना दाटते. चमचा फिरवल्यावर मागे रेघा राहिल्या की आच बंद करायची. त्या खळीनं धरून ठेवलेलं पाणी भाजतानाही फारसं सुटत नाही, आणि रोल दोन दिवस मऊ राहतो.