वॅट मोजू नका, मशीनची सोसण्याची ताकद बघा

लग्नसराई आटोपली की यवतमाळ-वाशिमकडे डीजेवाल्यांच्या जुन्या मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, विक्रीला निघतात. दिग्रसजवळच्या एका शिक्षक मित्राकडे नुकतेच जुने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आले. त्याने लगेच विचारलं, "भाऊ, पाच हजार वॅटची मशीन स्वस्तात मिळून राहिली, घेऊन टाकू का?" मी म्हटलं, तिला हातही लावू नको.

या स्पीकरात चुंबक नाही, कॉइल नाही. केसापेक्षा पातळ प्लास्टिकचा पडदा दोन जाळीदार पत्र्यांच्या मधोमध ताणलेला असतो. पडद्यावर हजारो व्होल्टचा स्थिर विद्युतभार असतो आणि पत्र्यांवर संगीताबरोबर बदलणारा व्होल्टेज. एक पत्रा पडद्याला ढकलतो, दुसरा ओढतो. पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ साली असा स्पीकर बाजारात आणला. त्यातून माणसाचा गळा जितका खरा ऐकू येतो, तितका मी दुसऱ्या कुठल्याच स्पीकरातून ऐकलेला नाही. (जिनिंगच्या गावात मात्र जपावं, भारित पडदा हवेतली रुई आणि धूळ ओढून घेतो.)

दोन पत्रे आणि मध्ये हवा, म्हणजे शाळेत शिकलेला कपॅसिटरच. मशीनचा व्होल्टेज वाढवणाऱ्या, स्पीकरच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून अ‍ॅम्प्लिफायरला तो २ मायक्रोफॅरडचा दिसतो असं धरू. मग त्याचा विरोध १ किलोहर्ट्झला ८० ओम, १० किलोहर्ट्झला ८ ओम आणि २० किलोहर्ट्झला फक्त ४ ओम. पण खरी गोम या आकड्यांत नाही, ती वेळेत आहे.

झोका मधून जाताना वेग सर्वांत जास्त असतो आणि टोकाला शून्य. कपॅसिटरमध्ये करंट आणि व्होल्टेज यांचं नातं तसंच आहे: व्होल्टेज शून्यातून जातो तेव्हा करंट शिगेला पोचलेला असतो. साध्या ८ ओमच्या रेझिस्टरवर दोन्ही एकदम वाढतात. त्यामुळे करंट जास्त असताना मशीनमधल्या, स्पीकरला करंट सोडणाऱ्या ट्रान्झिस्टरवर थोडाच व्होल्टेज उरतो. कपॅसिटरवर नेमकं उलट होतं. पूर्ण करंट वाहत असताना मशीनच्या सप्लायचा (आतल्या वीजपुरवठ्याचा) जवळजवळ सगळा व्होल्टेज ट्रान्झिस्टरच्याच अंगावर येतो.

हिशेबच करू. सप्लाय अधिक-उणे ३५ व्होल्ट, आउटपुटचं शिखर २८ व्होल्ट, करंटचं शिखर ३.५ अँपिअर. ८ ओमचा रेझिस्टर असो की १० किलोहर्ट्झवरचा आपला कपॅसिटर, सप्लायमधून दोन्ही वेळा सुमारे ७८ वॅट निघतात. रेझिस्टर त्यातले ४९ घेतो, म्हणून ट्रान्झिस्टरांत २९ वॅटची उष्णता होते. कपॅसिटर काहीच खात नाही, घेतलेली ऊर्जा पाव आवर्तनानंतर परत करतो. म्हणून ७८च्या ७८ वॅट ट्रान्झिस्टरांतच जिरतात. एकेका ट्रान्झिस्टरवरचा क्षणिक भार ३८ वॅटवरून १५०च्या आसपास जातो. आपल्याकडच्या जुन्या मशीनमधला टू-एन-३०५५ हा ट्रान्झिस्टर ११५ वॅटचा, पण तो आकडा त्याची धातूची खोळ २५ अंशांवर असतानाचा. खोळ १०० अंशांवर गेली की जेमतेम ६५ वॅट. आता आपला मे महिना आठवा. संगीतात १० किलोहर्ट्झच्या आसपास ताकद कमी असते म्हणून बऱ्याच मशीन वाचतात, एवढंच.

दुसरा धोका आंदोलनाचा, म्हणजे ऑसिलेशनचा. चूक सुधारायला मशीन आपल्याच आउटपुटचा थोडा भाग परत आत घेते, तो फीडबॅक. कपॅसिटरमुळे तो उशिरा पोचतो आणि मशीन ऐकू न येणाऱ्या वारंवारितेवर स्वतःच 'गाऊ' लागते. ती विनाकारण तापते, कधी जळते. हजारो रुपयांच्या 'जादुई' विणलेल्या केबल विकणारे हे सांगत नाहीत की त्यातल्या काही केबल स्वतःच मोठा कपॅसिटर असतात आणि आंदोलनाला खतपाणी घालतात. साधी जाड तांब्याची वायर घ्या.

पाच हजार वॅटला नाही म्हणायचं कारण वेगळं. क्वाडचा तो पहिला स्पीकर ३३ व्होल्ट शिखरापर्यंतच सोसतो. ८ ओमच्या हिशेबाने ते ७० वॅटच्याही आतच येतं. पुढे गेलात तर आत ठिणगी पडते आणि पडद्याला भोक.

म्हणून जुनी, ४०-५० वॅटची, वजनदार स्टिरिओ मशीन शोधा. झाकण उघडून बघा: मोठा ट्रान्सफॉर्मर, मोठं हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग), प्रत्येक चॅनलला शक्यतो आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या दोन जोड्या. आत सुट्या ट्रान्झिस्टरांऐवजी एकच एसटीके आयसी (सगळं एकाच तुकड्यात असलेली चिप) दिसली तर सोडून द्या. जळली तर बाजारात नकलीच जास्त मिळतात. फुगलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घ्या, तालुक्याचा मेकॅनिक ते करून देतो.

मल्टिमीटर सोबत न्याच. स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून मशीन दहा मिनिटं चालू द्या आणि स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. १००च्या वर असेल तर घेऊ नका, कारण स्पीकरमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा रोध नगण्य असतो. एवढ्या डीसीनेही त्यात करंट धावतो, ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही) आणि खर्ज बिघडतो.

घरी आणल्यावर प्रत्येक स्पीकरच्या मालिकेत १ ओम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर टाका. आपल्या २ मायक्रोफॅरडच्या स्पीकरात २० किलोहर्ट्झलासुद्धा आवाज पाव डेसिबलनेच उतरतो, आणि मशीनला कधीच निव्वळ कपॅसिटर दिसत नाही.