वळणावरची कटकट

गाडी गॅरेजच्या दारात नेली की वळताना येणारा आवाज हमखास बंद होतो. दवाखान्याची पायरी चढली की दाढ दुखायची थांबते, तसंच. मग आपण तोंडाने ‘कटकट’, ‘घूंऽऽ’, ‘करर्र’ असं करून दाखवतो आणि मेकॅनिक शांतपणे विचारतो, “पण होतो कधी?” प्रश्न अगदी योग्य आहे. आवाज कसा आहे हे ज्याच्या त्याच्या कानावर असतं. कधी येतो, हे मात्र तपासून बघता येतं.

सुरुवात उभ्या गाडीपासून करावी. इंजिन चालू ठेवा आणि गाडी न हलवता स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाज आला, तर चाकाचं बेअरिंग आणि ड्राइव्ह शाफ्ट (चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा) दोन्ही संशयातून सुटले, कारण चाक गरगरतच नाहीये. उरले शॉकअपचं वरचं माउंट, बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) आणि टाय रॉडची (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याची) टोकं. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगबरोबर शॉकअपची स्प्रिंगही वळते. तिच्या डोक्यावरचं बेअरिंग जाम झालं की स्प्रिंग पिळत जाते आणि एकदम सुटते: ‘टण्ण!’ हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल, तर अगदी टोकाला पंप थोडा कण्हतो, त्याचं काही नाही. मधेच कण्हू लागला तर आधी ऑइलची पातळी बघा.

खरी गंमत चालत्या गाडीतल्या कटकटीत आहे. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत त्याच चाकांना वळायचंही असतं. दोन शाफ्ट कोनात जोडणारा जुन्या पद्धतीचा क्रॉस जॉइंट इथे चालत नाही. तो ३० अंशांत वाकवला, तर अलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत असूनही पलीकडच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे १३ टक्के घटतो आणि दोनदा १५ टक्के वाढतो. म्हणजे प्रत्येक वळणावर गचके. १९२६ मध्ये आल्फ्रेड झेप्पा यांनी यावर तोडगा काढला: आतल्या आणि बाहेरच्या वाटीत खाचा, आणि त्यांत पिंजऱ्याने धरलेले सहा पोलादी गोळे. जॉइंट कितीही वाकला तरी गोळे कोनाच्या बरोबर मधल्या प्रतलात राहतात, म्हणून दोन्हीकडचा वेग सारखा. हाच आजचा सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे एकसारख्या वेगाचा) जॉइंट.

सरळ रस्त्यावर हे गोळे जवळजवळ जागीच असतात. वळताना मात्र प्रत्येक गोळा दर फेरीला खाचेतून पुढे-मागे सरकतो, तोही भार अंगावर घेऊन. जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलं की ग्रीस बाहेर, धूळ आत. खाच खरवडते, आणि गोळा त्या खड्ड्याच्या काठावरून गेला की ‘कट्’. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला, तर ताशी १० किलोमीटरला सेकंदाला जेमतेम दीड फेरी होते, म्हणून टकटक मोजता येते. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबा. दाबल्यावर आवाज वाढला, सोडल्यावर मंदावला, तर संशय याच जॉइंटवर. मग चाकाच्या आतल्या बाजूला डोकावा. रिमवर ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले की प्रश्नच मिटला.

वेगाबरोबर चढत जाणारी घूंघूं वेगळी. वळताना वजन बाहेरच्या चाकांवर जातं. उजव्या वळणात घूंघूं वाढली तर डाव्या चाकाचं बेअरिंग आधी तपासावं. पण हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे. मी एकदा याच भरवशावर बेअरिंग बदलून घेतलं. घूंघूं टायरची निघाली, वेड्यावाकड्या झिजलेल्या. तेव्हापासून आधी टायरवरून तळहात फिरवतो. शिवाय रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा सहसा नाही.

पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर टायर किंचाळतात, ते सोडून द्या. रबर तिथे अडकत-घसरत वळतं, इतकंच.

एक आवाज आला, तर मात्र वाट बघत बसू नये. वळताना करकर येते आणि सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते, तेव्हा बॉल जॉइंट किंवा टाय रॉडचं टोक ढिलं झालेलं असू शकतं. बॉल जॉइंट निखळला, तर चाक जागेवरच कलंडतं. अशी गाडी गॅरेजपर्यंत चालवत न्यायची नाही, टो करून न्यायची.