सुती मऊ आणि रेयॉन मऊ: कपाट उपसण्याआधी हा फरक ओळखा

दिवाळीच्या आधी कपाट उपसलं की पलंगावर दोन ढीग पडतात, ठेवायचे आणि काढायचे. गेल्या वर्षी काढायच्या ढिगात मी तीन सुती कुर्ते टाकले होते. कडक, लगेच चुरगळणारे, सारखी इस्त्री मागणारे. ठेवायच्या ढिगात पाच फुलाफुलांच्या मऊ कुर्त्या होत्या. परभणीच्या घरी आई शेजारीच बसली होती. तिनं त्यातला एक सुती कुर्ता उचलला, बाही दोन बोटांत चोळली आणि म्हणाली, "हे कशाला टाकायलीस? आत्ता कुठं मऊ पडायलंय ते." मग एका मऊ कुर्तीचा मुंढा, म्हणजे काखेतला बाहीचा जोड, उलटा करून माझ्यापुढं धरला. शिलाई शाबूत होती, पण तिच्या लगतचं कापड विरून जाळी झालं होतं. कुर्ती घेऊन सहा महिनेही झाले नव्हते.

ती कुर्ती रेयॉनची होती. मी ती सुती म्हणून घेतली होती, कारण दुकानदारानं "रेयॉन कॉटन आहे" असं सांगितलं होतं. ही गफलत फार जणींची होते आणि त्यात ग्राहकाचा दोष थोडाच आहे. दोन्ही कापडं घाम शोषतात, दोन्हींत हवा खेळते, टेरिकॉटसारखं कुठलंच गुदमरवत नाही. मूळ पदार्थही एकच, सेल्युलोज. कापसाच्या बोंडात तो तंतूच्या रूपातच मिळतो. रेयॉनसाठी लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि बारीक छिद्रांतून आम्लात सोडून पुन्हा त्याचे तंतू करतात. व्हिस्कोस म्हणतात ते हेच. या प्रक्रियेचं पेटंट १८९२ सालचं आहे आणि आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या नागद्याला १९५४ पासून हा तंतू तयार होतो.

पदार्थ एक असला तरी विरघळवून पुन्हा घडवताना त्याच्या साखळ्या आखूड होतात आणि त्यांची बांधणी सैल पडते. कोरडं असेतो हे जाणवत नाही. पाणी लागलं की फरक उघडा पडतो. ओला झाला की कापसाचा तंतू कोरड्यापेक्षा थोडा जास्तच ताण सोसतो. साधं व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. म्हणून सुती लुगडं वर्षानुवर्षं दगडावर आपटून, पिळून टिकायचं. आणि म्हणूनच रेयॉनची कुर्ती पहिल्यांदा मुंढ्यात जाते. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, मुंढा दिवसभर ओलाच असतो, आणि बसमधला दांडा धरायला हात वर केला की सगळा ताण नेमका त्या ओल्या जागेवर येतो.

जाळून बघण्याची युक्ती इथं कामाची नाही. सुती आणि रेयॉन दोन्हींच्या धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो, दोन्हींची मऊ राख होते. पॉलिस्टर तेवढं वितळून कडक मणी होतो, म्हणजे या परीक्षेत पॉलिस्टर पकडलं जातं, रेयॉन निसटतं. खरी परीक्षा पाण्याची. कुर्तीच्या आतल्या बाजूला शिलाईपलीकडं जे कापड सोडलेलं असतं, त्यातून एक धागा ओढून काढा. कापडाचाच हवा, शिलाईचा नको, कारण शिवायचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो. मधोमध ओला करून दोन्ही टोकांनी ओढा. रेयॉन असेल तर ओल्या जागी पटकन तुटतो. सुती धागा ताण घेतो आणि बरेचदा कोरड्या जागी तुटतो. बादलीतही कळतं. एरवी अंगावर पाण्यासारखं ओघळणारं रेयॉन भिजलं की पुठ्ठ्यासारखं ताठ आणि जड होतं.

दुकानात हात लावून निवड करताना आपण फसतो ते इथंच. रेयॉन पहिल्याच दिवशी जास्तीत जास्त मऊ असतं आणि पुढं प्रत्येक धुण्यागणिक थोडं उतरत जातं: गोळे येतात, घेर एका बाजूला लोंबतो. सुती कापड पहिल्या दिवशी खळीमुळं कडक असतं आणि पंधरा-वीस धुण्यांनंतर अंगाला बसतं. खादीचं तर आणखी. तिरंग्यासाठी खादी जिथं विणली जाते ते उदगीर आपलंच, पण नवी खादी अंगाला टोचते म्हणून दोनदा घालून कपाटात मागं ढकलणारी माणसंही आपलीच. मी "कडक" म्हणून जे काढायला निघाले होते, ते कपडे नुकते कुठं वापरायला तयार झाले होते.

म्हणून आता मी कपाट आवरताना "वर्षभरात घातलं का?" हा प्रश्न पहिला विचारत नाही. पहिला प्रश्न: कापड कुठलं? सुती असेल आणि मापात बसत असेल तर ते राहतं, फार तर उंची कमी करून. रेयॉन असेल तर मुंढा आणि कंबरेची शिलाई उजेडात धरून बघते. विरलं नसेल तर मुंढ्याला आतून दुसरी शिलाई मारून घेते, पिळणं बंद करते आणि वाळत घालताना हँगरला न लटकवता दोरीवर मधोमध टाकते. ओल्या रेयॉनला स्वतःच्याच वजनानं ताण बसतो.

रेयॉन वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याच्यासारखा अंगावरून ओघळणारा घोळ सुती कापडाला येत नाही. फक्त त्याची जागा नेमायला हवी. माझा हिशोब सरळ आहे: सूत वर, घोळ खाली. सैल रेयॉनची पलाझो आणि वर गुडघ्यापर्यंतचा पांढरा किंवा निळा साधा सुती कुर्ता. तोच कुर्ता जीन्सवर ऑफिसला जातो, पुढून उघडा असेल तर बिनबाह्यांच्या कुर्तीवर जॅकेटासारखा घालता येतो. लग्नघरी त्यावर हिमरूची शाल घेतली की वेगळा पोशाख लागत नाही. आणि येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात आंबिलीचे डाग पडले तरी तो रगडून धुता येतो. एका कुर्त्यावर इतके प्रसंग निघतात तेव्हा कपाटातली गर्दी आपोआप कमी होते. रेयॉनची लांब कुर्ती मी हिवाळ्यातल्या संध्याकाळी आणि थोडक्या वेळाच्या कार्यक्रमांना घालते, उन्हातल्या प्रवासाला नाही.

घराबाहेर काढायच्या कपड्यांचंही तसंच. आमच्या गल्लीत येणारी बोहारीण कपडा हातात घेतला की आधी आडवा ओढून बघते, मगच भांड्याचा भाव बोलते. फाटकं रेयॉन कुणाला "वापरायला" देणं मला पटत नाही, त्याच्या अंगावर ते चार दिवसांत फाटणार. जुनं सुती घरातच सगळ्यात मोलाचं असतं. पुसायला, उशीच्या अभ्र्याला, आणि शेवटी वाकळीला, म्हणजे गोधडीला. मी रेयॉनच्या कुर्त्याही वाकळीसाठी पुढं केल्या तेव्हा आईनं मान हलवली. वाकळ भिजली की दोघींना उचलावी लागते, सगळं वजन टाक्यांवर येतं, आणि रेयॉन नेमकं तिथं दगा देतं. वरचा आणि खालचा थर तिला सुतीच हवा.

त्या पाच कुर्त्यांपैकी दोन मुंढे शिवून कपाटात परत गेल्या. उरलेल्या तिन्हींचे मुंढे गेले होते, पण घेर धडधाकट होता. शेजारच्या शिंपीणकाकूंनी त्याचे भाचीला दोन परकर शिवले आणि उरलेल्या कापडातून एक ओढणी निघाली. तीन सुती कुर्ते मात्र कपाटात पुढच्या बाजूला आले. त्यातला एक आज अंगावर आहे, कोपराशी अगदी मऊ झालेला.