नमस्कारातला खरेपणा : एक पार्श्वभूमी

समोरच्याचा नमस्कार मनापासूनचा आहे की नुसते देखल्या देवा दंडवत, अशी शंका आज कोणीही सहज बोलून दाखवतो. परंतु ती घेण्याची मोकळीक सर्वांना सारखी कधीच नव्हती. जातीच्या उतरंडीत अभिवादनावरून माणसाची पायरी ठरत असे. महारांनी वरच्या मानल्या गेलेल्यांना ‘जोहार’ घालायचा, हा रिवाज इतका मुरलेला होता की चौदाव्या शतकातील संत चोखामेळ्यांच्या अभंगात देवापुढेही जोहारच येतो. गावगाड्यात तो घालणाऱ्याच्या मनात काय आहे, याची चौकशी कोणी करीत नसे. मान झुकली म्हणजे पुरे होते.

या रिवाजाला पर्याय नागपूरच्या परिसरातून पुढे आला. विडी कामगारांची संघटना बांधणारे आणि 1937 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेलेले कामठीचे बाबू हरदास (1904–1939) यांना ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय दिले जाते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यानंतर या अभिवादनामागे नवी धार्मिक ओळखही उभी राहिली. दोघांनी एकमेकांना एकच शब्द म्हणायचा आणि तो स्वतः निवडलेला असायचा, ही त्यातली खरी उलथापालथ होती. मनाचा प्रश्न विचारण्यात अर्थ आला तो इथून.

योगायोग असा की समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांचे दैनंदिन वागण्याला रंगमंचाच्या परिभाषेत मांडणारे पुस्तकही प्रथम 1956 मध्येच, एडिंबरोहून निघाले. चारचौघांत प्रत्येक जण काही भूमिका वठवतो आणि पडद्यामागे सैलावतो, हे त्यांचे निरीक्षण ‘वठवणे म्हणजे खोटेपणा’ या समजुतीला छेद देते. पुढे 1983 मध्ये समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी विमानातील सेविकांच्या हसण्याचा अभ्यास करून, नोकरीपोटी भावना राबवाव्या लागतात तेव्हा त्याची किंमत माणूस आतून मोजतो, असे दाखवले. जोहाराची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरच्या चौकाचौकांत झळकणाऱ्या ‘हार्दिक स्वागत’च्या फ्लेक्सची गोष्ट वेगळी, तिथे हृदय शोधायला कोणी जात नाही. पण एकाच सकाळी शेजाऱ्याला ‘राम राम’ आणि सहकाऱ्याला ‘जय भीम’ म्हणणारा नागपूरकर दुटप्पी ठरत नाही, कारण तो समोरच्याचा शब्द ओळखून, कोणाच्या धाकाविना, त्याच शब्दात उत्तर देत असतो.