खिडकीचे हँडल बदलण्यापूर्वी : माप, निवड आणि बसवणी यांविषयी ग्राहकांसाठी माहिती

खिडकीचे हँडल सैल झाले, अर्धवटच फिरू लागले किंवा हातात आले, की त्याच्यासारखे दिसणारे दुसरे आणून लावावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. आमच्या दुकानात येणाऱ्या बहुतेक ग्राहकांची पहिली मागणीही हीच असते. परंतु खिडकीत कुठेही दोष निर्माण झाला तरी हात पडतो तो हँडलवर, आणि जोर लावला जातो तोही हँडलवरच. त्यामुळे झडप खाली उतरलेली असो, आतील कुलूपपट्टी (झडप चौकटीत अडकवणारी सरकती पट्टी) अडकत असो किंवा लाकूड फुगलेले असो, तुटायचे ते हँडलच तुटते. मूळ दोष तसाच ठेवून बसवलेले नवे हँडल, ते कितीही भारी असले तरी, फार काळ टिकत नाही. म्हणून खरेदी करण्यापूर्वी हे पत्रक शांतपणे वाचावे, अशी आमची विनंती आहे.

जुने हँडल काय सांगते

काढलेले हँडल लगेच टाकून देऊ नये. मूठ मानेजवळ मोडली असेल आणि मोडलेली जागा राखाडी, दाणेदार दिसत असेल, तर ते जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव हँडल असून प्रमाणाबाहेर जोर लावल्यामुळे मोडले आहे, असे समजावे. मूठ शाबूत आहे, पण मागील चौकोनी दांड्याच्या कडा झिजून गोलसर झाल्या आहेत, असे दिसल्यास दांडा लांबीला कमी पडत होता किंवा आतील यंत्रणा जड झाली होती, ही शक्यता अधिक असते. बैठकीवर (झडपेला स्क्रूने लागणाऱ्या हँडलच्या तळपट्टीवर) फोड आणि पांढरट पूड, तर स्क्रूच्या डोक्याखालून तांबूस ओघळ, हे खाऱ्या हवेचे काम होय. या तिन्ही दोषांचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि केवळ तिसऱ्या दोषात हँडल व स्क्रू बदलून प्रश्न सुटतो.

झडप चौकटीत नीट बसते की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. कागदाची एक पट्टी झडप आणि रबरी पट्टी यांच्यामध्ये धरून खिडकी बंद करावी आणि पट्टी हळूच ओढावी. चारही कोपऱ्यांत ती सारख्याच ताणाने निघाली तर झडप सरळ आहे. एका कोपऱ्यात अलगद सुटली आणि दुसऱ्या कोपऱ्यात घट्ट अडकून फाटली, तर बिजागऱ्या किंवा स्टे (झडपेला आधार देणारी, उघडताना सरकणारी धातूची पट्टी) सैल झाल्यामुळे झडप तिरकी झाली आहे. अशा वेळी आधी स्टेचे स्क्रू आवळावेत, स्टेच झिजला असेल तर तो बदलून घ्यावा. पुष्कळदा एवढ्यानेच जुने हँडल पुन्हा मऊ चालू लागते आणि नव्याची गरज उरत नाही.

खिडकीच्या प्रकारानुसार निवड

यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) आणि नव्या पद्धतीच्या ॲल्युमिनियमच्या उघडझाप खिडक्यांमध्ये हँडलच्या मागे चौकोनी दांडा असतो. तो झडपेच्या आतील कुलूपपट्टीत शिरतो आणि मूठ फिरवली की झडपेच्या उंचीभर बसवलेले खिळे एकाच वेळी पुढे-मागे सरकतात. या हँडलची तीन मापे अचूक हवीत. दांड्याची जाडी बहुधा 7 मि.मी. असते आणि बैठकीवरील दोन स्क्रूंच्या मध्यांतील अंतर बहुधा 43 मि.मी. असते, तरीही ही दोन्ही मापे गृहीत न धरता मोजून घ्यावीत. तिसरे माप दांड्याच्या लांबीचे. ते बैठकीच्या मागील सपाट पृष्ठभागापासून दांड्याच्या टोकापर्यंत घ्यावे, मुठीपासून नव्हे. याच मापात सर्वाधिक गफलत होते. लांबी जास्त झाली तर बैठक झडपेला टेकत नाही आणि स्क्रू आवळताना तिला तडा जातो. कमी झाली तर दांडा यंत्रणेत जेमतेम अडकतो, काही दिवस काम करतो आणि मग कडा झिजून नुसताच फिरू लागतो. म्हणून नेमकी लांबी मिळत नसल्यास थोडा लांब दांडा घेऊन हॅकसॉने कापावा आणि कापलेल्या टोकावरची धार कानसीने घासून काढावी. आखूड दांड्यात कागद किंवा पत्र्याचा तुकडा कोंबून वेळ मारून नेण्याचा प्रकार आम्ही कधीही सुचवत नाही.

काही खिडक्यांची मूठ सरळ असते, तर काहींची एका बाजूला वळलेली असते, जेणेकरून हात चौकटीवर आपटू नये. वळलेल्या मुठी डाव्या आणि उजव्या अशा वेगळ्या येतात. मागणी नोंदवताना आपण नुसते ‘डावे’ किंवा ‘उजवे’ असे सांगू नये; घरात उभे राहून पाहिल्यास बिजागऱ्या कोणत्या बाजूला आहेत, तेवढे सांगावे. बाजू आम्ही ठरवू.

साध्या ॲल्युमिनियमच्या उघडझाप खिडक्यांना चोच असलेले हँडल असते. यात आतील यंत्रणा नसते. मूठ फिरवली की पुढची चोच चौकटीवरच्या लहान पट्टीवर चढते आणि झडप आत ओढली जाते. येथे महत्त्वाचे माप चोचीच्या उंचीचे, म्हणजे बैठकीच्या तळापासून चोचीच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर. बाजारात साधारण 9 मि.मी. पासून 21 मि.मी. पर्यंत उंची मिळते. उंची कमी पडली तर चोच पट्टीवर चढतच नाही, आणि जास्त झाली तर खिडकी बंद दिसूनही वाऱ्यात खडखडत राहते व पावसाचे पाणी आत येते.

सरकत्या खिडक्यांबद्दल थोडक्यातच सांगता येईल. त्यांना मूठ नसून टच लॉक किंवा अर्धचंद्राकृती कडी असते, आणि ती लागत नाही याचे कारण बहुधा कडीत नसून खालच्या रोलरमध्ये असते. रोलर झिजला की झडप खाली बसते आणि कडीचा आकडा समोरच्या खाचेच्या खाली जातो. झडपेच्या खालच्या कोपऱ्यात रोलर वर-खाली करण्याचा स्क्रू असल्यास आधी तो फिरवून पाहावा. रुळातील माती आणि पाणी बाहेर जाण्याची भोके त्याच वेळी साफ करून घ्यावीत.

मुंबईत दादर, माटुंगा यांसारख्या जुन्या वस्त्यांतील इमारतींमध्ये लोखंडी चौकटीच्या खिडक्या अजूनही पाहावयास मिळतात. त्यांची पितळी हँडल मजबूत घडणीची आहेत, आणि ती शक्यतो बदलू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. हँडल लागत नाही याचे कारण तेथे बहुतेक वेळा रंग असतो: दर रंगकामात एक थर वाढत जातो आणि शेवटी झडप चौकटीत पूर्ण बसेनाशी होते. चौकटीच्या आतल्या कडेवरील रंग खरवडून काढल्यावर जुने हँडल पुन्हा नीट लागते. मात्र जुना रंग खरवडताना त्यात शिसे असण्याची शक्यता धरून तो ओला करूनच खरवडावा, नाकातोंडावर मास्क लावावा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. स्क्रू बदलावे लागले तर आणखी एक काळजी घ्यावी. या खिडक्यांचे आटे बहुधा इंची मापाचे असतात. 3/16 इंचाच्या भोकात आजचा 5 मि.मी. स्क्रू पहिले एक-दोन फेरे बरोबर जातो, मग अडतो, आणि जबरदस्तीने पुढे रेटला तर चौकटीतले आटेच नष्ट होतात. जुना स्क्रू सोबत आणल्यास आम्ही त्याच आट्याचा देतो किंवा भोकात नवे आटे पाडून देतो.

लाकडी झडपांच्या बाबतीत घाई करू नये. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि खिट्टी किंवा टॉवर बोल्ट लागत नाही, म्हणून जुलैत रंधा मारून घेतला तर दिवाळीनंतर लाकूड सुकल्यावर तीच झडप चौकटीत खुळखुळू लागते. पावसाळ्यात बोल्टची खाच थोडी वाढवून काम भागवावे आणि रंधकाम कोरड्या दिवसांसाठी ठेवावे.

धातू आणि मुलामा

मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी अशा समुद्राकाठच्या गावांत धातूची निवड महत्त्वाची ठरते. स्टेनलेस स्टील म्हणून विकला जाणारा सर्व माल सारखा नसतो. 202 प्रतीत निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते, त्यामुळे ती स्वस्त असते आणि खाऱ्या हवेत लवकर डागाळते. 304 प्रतीत साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. 316 प्रतीत त्याखेरीज सुमारे 2 टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठाला तीच सर्वांत चांगली तोंड देते. लोहचुंबक लावून प्रत ओळखता येते हा समज सोडून द्यावा, कारण 202 आणि 304 या दोन्ही प्रती चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत. प्रत बिलावर लिहून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे. समुद्राकडे तोंड असलेल्या खिडकीसाठी 316, अन्य खिडक्यांसाठी 304 किंवा चांगली पावडर कोटिंग केलेले ॲल्युमिनियमचे हँडल, अशी आमची शिफारस असते. हँडल कोणतेही असो, स्क्रू मात्र स्टेनलेसचेच घ्यावेत. ॲल्युमिनियमच्या चौकटीत पितळी स्क्रू वापरू नयेत, कारण ओलाव्यात त्यांच्याभोवतीचे ॲल्युमिनियम झिजत जाते.

न्हाणीघराच्या खिडकीबद्दल एक वेगळी सूचना. फरशीसाठी ॲसिड वापरण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्याची वाफ स्टेनलेस स्टीललाही डागाळते आणि खाते, त्यामुळे ते शक्यतो टाळावे. वापरावेच लागले तर खिडकी उघडी ठेवून, नंतर हँडल साध्या पाण्याने पुसून कोरडे करावे.

बसवणी

हे काम नेहमी घराच्या आतूनच करावे. खिडकीला ग्रील नसेल आणि घर वरच्या मजल्यावर असेल, तर ते स्वतः करू नये, कारागिरास बोलवावे. ग्रील असली तरी पेचकस दोरीने मनगटाला बांधलेला असावा, म्हणजे तो हातातून निसटून खालच्या माणसाच्या डोक्यावर पडणार नाही. वारा नसलेली वेळ निवडावी आणि झडप कोणीतरी धरून ठेवावी.

झडप उघडी ठेवून काम करावे, कारण बंद झडपेत नवे हँडल चुकीचे बसले तर ती उघडणे अवघड होऊन बसते. मूठ उघडी असताना असते त्या स्थितीत फिरवावी; स्क्रू झाकणारी लहान टोपी दिसते, ती नखाने किंवा सपाट पेचकसाने अलगद उचलून बाजूला फिरवावी. दोन्ही स्क्रू काढल्यावर हँडल सरळ बाहेर येते. नवे बसवण्याआधी दांडा नुसताच यंत्रणेत घालून पान्याने फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे. जड जात असेल तर कुलूपपट्टीवर सिलिकॉन स्प्रे मारावा आणि काही वेळा पुढे-मागे फिरवावा. खोबरेल तेल वापरू नये. धूळ बसून त्याचा चिकट थर होतो आणि यंत्रणा पूर्वीपेक्षा जड होते.

त्यानंतर नवी मूठ जुन्या मुठीच्याच स्थितीत धरून दांडा आत सरकवावा. स्क्रूचे पहिले काही फेरे हाताने घालावेत आणि शेवटची आवळणीही हातानेच करावी, कारण ड्रिल मशीनच्या जोराने आटे निघून जातात. आटे गेलेच असतील, तर लाकडात गोंद लावलेली लाकडी पाचर ठोकून नवे भोक पाडावे आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात रिव्हेट नट (पत्र्यात पक्का बसणारा, आतून आटे असलेला नट) बसवून घ्यावा. नुसता जाड स्क्रू घालणे हा तात्पुरता उपाय आहे. झडप उघडी असतानाच मूठ फिरवून खिळे सरकतात की नाही ते पाहावे, आणि मगच ती बंद करावी.

किल्लीचे हँडल

लहान मुले असलेल्या घरांत किल्लीचे हँडल घेण्याचा सल्ला आम्ही देतो, पण ते ग्रीलला पर्याय नाही, आणि खिडकीखाली पलंग किंवा सोफा ठेवू नये हा नियम त्यामुळे रद्द होत नाही. किल्ली मुलांच्या हाताबाहेर, परंतु त्याच खोलीत ठरलेल्या जागी ठेवावी आणि ती जागा घरातील प्रत्येक मोठ्या माणसास ठाऊक असावी. आग लागली असता किल्ली शोधण्यास वेळ नसतो. ग्रीलला संकटकाळी उघडणारी दारे असतील, तर त्यांच्यासमोरच्या झडपेचे हँडल बसवल्यावर ती दोन्ही एकत्र उघडून पाहावीत.

दुकानात येताना जुने हँडल, त्याचे स्क्रू, आणि शक्य असल्यास झडप उघडी व बंद असतानाची आतल्या बाजूने काढलेली छायाचित्रे आणावीत. हँडल हरवले असल्यास दोन स्क्रूंच्या भोकांतील अंतर, चौकोनी भोकाची रुंदी आणि झडपेची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून आणावी. आमचा कारागीर पाहणीसाठी आला आणि दोष बिजागरी, रोलर किंवा रंगात असल्याचे आढळले, तर तो तसे सांगेल आणि हँडल विकणार नाही.