ठोसा आधी कागदावर बसला की पडद्यावर? कॉमिक्स, मारधाडीचे पिक्चर आणि फाइट्सचा जुना घरोबा

कॉमिक्सची चित्रं, मारधाडीचे पिक्चर आणि बॉक्सिंग-एमएमए (ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणारी लढत) हे तिन्ही एकाच माणसाला आवडतं म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, अरे एक काहीतरी धर ना. पण थोडं मागे जाऊन बघितलं तर कळतं की ही तीन वेडं कधी वेगळी नव्हतीच, शंभर-सव्वाशे वर्षं ही मंडळी एकमेकांच्या घरात येऊन-जाऊन आहेत आणि एकमेकांचं सामान बिनधास्त उचलून नेतायत.

सिनेमापासूनच सुरू करू, कारण सिनेमा नुकता रांगायला लागला होता तेव्हाच कॅमेरा रिंगपाशी जाऊन उभा राहिला. १८९४ मध्ये एडिसनच्या स्टुडिओत बॉक्सिंगच्या फिल्म काढल्या गेल्या, आणि १७ मार्च १८९७ ला नेवाडातल्या कार्सन सिटीत कॉर्बेट आणि फिट्झसिमन्सची हेवीवेट टायटल फाइट झाली ती पूर्ण शूट केली गेली. चौदाव्या राउंडला फिट्झसिमन्सने पोटावर, बरगड्यांच्या बरोबर खाली, एक असा ठोसा घातला की कॉर्बेट खाली बसला तो उठलाच नाही. ती फिल्म दीड तासाच्या वर होती, म्हणजे जगातला पहिला फीचर लांबीचा सिनेमा म्हणून जिचं नाव घेतात ती ना प्रेमकथा ना पौराणिक, सरळ एक फाइट!

मग १९१० चं प्रकरण झालं. ४ जुलैला रीनोमध्ये जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय चॅम्पियनने जिम जेफ्रीजला, ज्याला गोऱ्यांची लाज राखायला म्हणून मुद्दाम निवृत्तीतून बाहेर काढलं होतं, चोपून काढलं. अमेरिकेत दंगली उसळल्या, आणि १९१२ मध्ये काँग्रेसने कायदाच केला की बॉक्सिंगच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायच्या नाहीत. हा कायदा उठला थेट १९४० मध्ये. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं बऱ्याच जणांना गाजलेली फाइट बघायचा सरळ मार्गच नव्हता, वर्तमानपत्र किंवा नंतर रेडिओ, बास.

आणि वर्तमानपत्रात फाइट दाखवणारे कोण, तर चित्रकार. त्या काळी स्पोर्ट्स पेजचा कार्टूनिस्ट हे मोठं प्रस्थ होतं. टॅड डॉर्गन तर असा होता की बॉक्सिंगमधलं त्याचं मत लोक जाणकाराचं म्हणून वाचायचे. रोजची कॉमिक स्ट्रिप रुजवली ती बड फिशरच्या मट आणि जेफने, आणि ती १९०७ मध्ये सुरू झाली तीही सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पेपरच्या स्पोर्ट्स पेजवरच. त्यातला बुटका जेफ वेड्यांच्या इस्पितळात सापडतो आणि स्वतःला बॉक्सर जेफ्रीज समजत असतो, तोच जेफ्रीज ज्याने पुढे रीनोत मार खाल्ला. १९३० मध्ये हॅम फिशरचा जो पलूका आला, भोळा हेवीवेट चॅम्पियन, आणि ती स्ट्रिप प्रचंड चालली. सुपरहिरो यायला अजून आठ वर्षं होती आणि कागदावरचा ठोसा आधीच स्टार झाला होता.

सुपरहिरो आले आणि पाठोपाठ जॅक किर्बी आला. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला गरीब घरातला पोरगा, गल्लीतल्या टोळ्यांच्या मारामाऱ्यांत वाढलेला, आणि ते त्याच्या चित्रात दिसतं राव. डिसेंबर १९४० मध्ये स्टॉलवर आलेल्या कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकाचं कव्हर आठवा, अमेरिका अजून युद्धात उतरलेलीसुद्धा नाही आणि हा गडी हिटलरच्या जबड्यावर ठोसा ठेवून देतोय. मला त्यातलं राजकारण तर भारी वाटतंच, पण त्याहून भारी वाटतं ते अंगाचं वजन. ठोसा ज्या क्षणी लागतो तोच क्षण जसाच्या तसा काढला तर चित्र मेल्यासारखं दिसतं, दोन माणसं पुतळ्यासारखी चिकटून उभी आहेत असं वाटतं. म्हणून चांगला चित्रकार एक तर ठोसा मागे खेचलेला दाखवतो, नाहीतर लागून गेल्यानंतरचा, म्हणजे मूठ पुढे निघून गेलीय, डोकं वळलंय, टाचा जमिनीवरून सुटल्यात. किर्बीने यात आणखी भर घातली, मूठ वाचकाच्या तोंडावरच आणली आणि माणसांना चित्राच्या चौकटीत मावेनासं केलं. मार्व्हलच्या डेअरडेव्हिलचा बाप बॉक्सर आहे (१९६४), तोही याच परंपरेतला.

सिनेमात प्रॉब्लेम हाच, उत्तर वेगळं. दोन नट एकमेकांपासून हातभर लांब उभे, कॅमेरा एकाच्या खांद्यामागे ठेवायचा म्हणजे मधली फट दिसत नाही, बाकी काम आवाज करतो. हाँगकाँगवाल्यांनी हे पुढच्या लेव्हलला नेलं. तिथले स्टंटमन कपड्यांवर पावडर लावायचे, लाथ बसली की धुरळा उडतो आणि फटका डोळ्याला लागतो! कॉमिक्समध्ये फटक्याभोवती रेघा आणि तारे काढतात ना, ते काम इथे पावडर करते.

आणि मग अर्थात ब्रूस ली. हा माणूस तिन्ही घरांचा जावई म्हणायला हरकत नाही. १९५८ मध्ये हाँगकाँगची आंतरशालेय बॉक्सिंग स्पर्धा जिंकलेला, कुंग फू शिकलेला, वर बॉक्सर मुहम्मद अलीच्या फिल्म बारकाईने बघणारा. एंटर द ड्रॅगनमधली सुरुवातीची सॅमो हंगबरोबरची फाइट पुन्हा बघा, काळी शॉर्ट्स, बोटं मोकळी असलेले छोटे ग्लोव्ह्ज, शेवट जमिनीवर आणि समोरचा हार मानतो. म्हणजे आजच्या एमएमएसारखीच, तीही १९७३ मध्ये! जुलैत ली गेला, ऑगस्टमध्ये अमेरिकेत पिक्चर लागला, आणि वर्ष संपायच्या आत मार्व्हलने शांग-ची हा कुंग फू हिरो आणला, १९७४ मध्ये तसाच आयर्न फिस्ट. पॉल गुलेसीने काढलेला शांग-ची तर उघड उघड ब्रूस ली आहे, तोच चेहरा तेच अंग.

पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर या सगळ्यात बाजी मारली जपानने. इक्की काजिवारा नावाच्या एकाच लेखकाने १९६८ मध्ये दोन मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स मालिका, लिहायला घेतल्या, टायगर मास्क (कुस्ती) आणि टोपणनावाने आशिता नो जो (बॉक्सिंग). जो ची चित्रं तेत्सुया चिबाची. जोचा प्रतिस्पर्धी रिकीइशी हा चिबाने पहिल्यांदा काढला तेव्हा तो पुढे जोशी लढणार हे त्याला माहीतच नव्हतं, त्यामुळे गडी जोपेक्षा चांगलाच थोराड काढून ठेवला. आता दोघं एका वजनगटात आणायचे कसे? तर रिकीइशीने वजन उतरवायचं. आणि त्या चुकीतून जे निघालं ते कुठल्याही फाइटरला विचारा, अंगावर काटा येईल: तहानेने वेडा झालेला रिकीइशी पाण्यासाठी धावतो तर नळ तारेने आवळून बंद केलेले. तो लढतो, जिंकतो आणि मरतो. मार्च १९७० मध्ये टोकियोत त्याचा, एका चित्रातल्या माणसाचा, खरोखरचा अंत्यविधी झाला, सातशेच्या आसपास लोक आले.

टायगर मास्कचं तर याच्या पुढचं. २३ एप्रिल १९८१ ला न्यू जपान प्रो रेसलिंगने कागदावरचा मुखवटा सातोरू सायामाच्या तोंडावर चढवून त्याला डायनामाइट किड या पैलवानासमोर उभं केलं आणि लोक खुळे झाले. दोनेक वर्षांनी सायामा तिथून बाहेर पडला, त्याला आता ठरवून केलेली कुस्ती नको होती, खरी लढत हवी होती, ठोसे-लाथा-पकडी सगळं एकत्र. त्यातून शूटो उभं राहिलं, आजच्या एमएमएचा एक थेट पूर्वज, तेही यूएफसी या अमेरिकेतल्या एमएमए स्पर्धेच्या कितीतरी आधी. म्हणजे कॉमिक्समधला पैलवान खऱ्या रिंगमध्ये आला आणि त्याने खेळच नवीन काढला.

अमेरिकेत हे काम पिक्चरवाल्यांच्या मदतीने झालं. रोरियन ग्रेसी या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या (जमिनीवरच्या पकडींची लढत) गुरूने १९८७ च्या लीथल वेपन या पिक्चरमधल्या शेवटच्या फाइटसाठी नटांना ते शिकवलं, ती फाइट ट्रँगल चोकवर, म्हणजे पायांनी गळा आवळायच्या डावावर, संपते आणि तेव्हा थिएटरात बसलेल्या बहुतेकांना हे पायाने काय चाललंय ते कळलंही नसेल. रोरियनचा एक शिष्य होता जॉन मिलियस, कॉनन द बार्बेरियन हा पिक्चर काढणारा, आणि १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली तेव्हा क्रिएटिव्ह डायरेक्टर हाच. लढायची जागा कशी असावी यावर चर्चा चालली तेव्हा भोवती मगरींचा खंदक अशा आयडियासुद्धा निघाल्या होत्या, अगदी कॉमिक्सचं पान. शेवटी आठ कोनांचा पिंजरा ठरला. पहिल्या लढतीत २६ सेकंदांत लाथ बसून एकाचा दात उडाला, आणि रोरियनचा किडकिडीत भाऊ रॉयस एका रात्रीत तिघांना गुंडाळून घरी गेला, तिन्ही मिळून जेमतेम पाच मिनिटं.

मेट्रिक्सबद्दल (१९९९) लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल, एवढंच सांगतो की त्याची डिझाइन्स जेफ डॅरोने आणि स्टोरीबोर्ड (सीन आधी चित्रांत मांडणं) स्टीव्ह स्क्रोसने केले, दोघंही कॉमिक्सवाले, आणि फाइट्स बसवल्या युएन वू-पिंगने, ज्याचा ड्रंकन मास्टर (१९७८) बघून जपानी कॉमिक्सवाला तोरियामा येडा झाला होता आणि त्यातून त्याच्या ड्रॅगन बॉलला रंग चढला.

हल्लीचं उदाहरण द्यायचं तर इझ्राएल अडेसान्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेलबर्नला रॉबर्ट व्हिटकरला दुसऱ्या राउंडमध्ये झोपवून यूएफसीचा मिडलवेट चॅम्पियन झाला. किकबॉक्सिंग त्याने अठराव्या वर्षी सुरू केलं ते ओंग-बाक हा थाई पिक्चर बघून, आणि स्टाइलबेंडर हे त्याचं टोपणनाव आलंय एका कार्टून सीरीजवरून.