जुन्या गाडीची ‘ओरिजनल’ चामडी बॅग

कोल्हापुरात जुनी गाडी रिस्टोअर करायला घेतली की बाकी कशाला फारसं अडत नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवर बुश करून मिळतो, टाकीचा पोचा काढणारा भेटतो, निकेल-क्रोमवाला त्याच्याच ओळखीचा असतो. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बाहेर पडली की तिच्यासाठी ताटकळत उभं राहणारं हे गाव, त्याला जुन्या गाडीचं वेड सांगावं लागत नाही. माझं घोडं अडलं ते सॅडलबॅगेपाशी. वडिलांची 1968 सालची जावा मोटारसायकल, तिला मागे दोन्ही अंगांना लोंबणारी ‘त्या काळची’ अस्सल चामड्याची बॅग हवी होती. ती शोधता शोधता कळलं, की बॅगेचा इतिहासही खरोखर घोड्यापाशीच जाऊन थांबतो.

सॅडल म्हणजे खोगीर. खोगिराच्या दोन्ही अंगांना लोंबणारी खुर्जी मोटारसायकलच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे होती. तीच सुटसुटीत होऊन माणसाच्या खांद्यावर आली की पडशी. घोड्याचं जीन, तंग, लगाम करणारे ते जीनगर, धंद्याचंच नाव समाजाला मिळालेलं. आजच्या बॅगेत जे जे आहे ते सगळं या सामानात सापडतं: दोन्हीकडे सारखा भार, पावसाचं पाणी निथळून जाईल असं वरचं झापड, एका हाताने सुटणारं बक्कल. इंग्रजांनी 1857 च्या उठावानंतर थोड्याच वर्षांत फौजेच्या घोड्यांसाठी कानपूरला हार्नेस आणि सॅडलरीचा सरकारी कारखाना चालवला. त्याच्या आसऱ्याने तिथे जो धंदा रुजला तो अजून टिकून आहे, आणि कानपूर सॅडलरीला भौगोलिक मानांकनही आहे.

मग घोडा गेला, मोटारसायकल आली. अमेरिकेत हार्ले आणि इंडियन या गाड्यांवर चामडी बॅगा थेट खोगिरावरून आल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या हार्लेच्या डब्ल्यूएलए या फौजी गाडीमागे त्या दिसतात. इंग्रजांची तऱ्हा निराळी. त्यांच्या बीएसए एम20 आणि नॉर्टन 16एच या फौजी गाड्यांना लोखंडी चौकटीत बसवलेल्या कॅनव्हासच्या थैल्या असत. आपल्याकडची सोयरीक इंग्रजांशी. त्यामुळे कोणी जुन्या इंग्रजी फौजी गाडीला चामड्याची बॅग ‘ओरिजनल’ म्हणून लावली असेल, तर त्याने हौस केली आहे, इतिहास नव्हे.

आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांचं तर आणखी सरळ. मद्रासला एन्फिल्ड इंडिया 1955 साली सुरू झाली, म्हैसूरची आयडियल जावा 1961 साली. यातली कुठलीच गाडी कारखान्यातून चामडी बॅग लावून येत नसे. पुढे लोकांनी लावले ते पत्र्याचे साइड बॉक्स, नाहीतर दुधाचे कॅन. 1963 साली गोकुळ दूध संघाची सुरुवात झाली, त्यानंतरच्या कोल्हापुरात गाडीच्या दोन्ही बाजूंना काय लोंबत असे हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मग हे चामडी बॅगेचं खूळ आलं कुठून? माझा अंदाज असा, की 2001 ला बजाजची एलिमिनेटर आणि पाठोपाठ 2002 ला एन्फिल्डची थंडरबर्ड आली, तिथून. लांब हँडल, बसकं सीट आणि मागे चकत्या-झालरींची काळी बॅग, हा सगळा अमेरिकी थाट त्या गाड्यांबरोबर आला आणि ‘व्हिंटेज’ या नावाखाली चिकटून राहिला.

मीही फसलो. ‘शंभर टक्के लेदर’ म्हणून ऑनलाइन मागवलेली जोडी पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सोडायला लागली. ती घेऊन सुभाषनगरात एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, झापडाची कड तासली आणि माझ्यापुढे धरली. आत निळसर करडा रंग. “हे बगा सायेब, हे क्रोमचं. त्येबी वरचं न्हवं, खालचा थर हाय, वरनं रंगाचा मुलामा.” मग स्वतःच्या पायातलं पायताण काढून त्याची कड दाखवली. आरपार तपकिरी.

या दोन रंगांमागे दोन पद्धती आहेत. क्रोमच्या क्षारात कातडं दिवसा-दोन दिवसांत पिकतं, मऊ होतं, पाण्याला दाद देत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने ते विहिरीतून पाणी काढायच्या मोटेसाठी चालवून पाहिलं, ते याच गुणामुळे. आपली जुनी पद्धत सावकाशीची. कातडं मिठात राखायचं, चुन्यात घालून केस सोडवायचे, धुवायचं. मग त्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. खाली झिरपलेलं पाणी पुन्हा वरून ओतायचं, असं कित्येक दिवस. म्हणजे बॅग होण्याआधी हे कातडं एकदा बॅग होऊन लटकलेलं असतं! असं चामडं ताठ राहतं, भार धरतं, वापरून वापरून गडद होतं. खोगिराला हेच लागे.

कातडं कमावणारे ढोर समाजातले आणि शिवणारे चर्मकार समाजातले कारागीर पूर्वी नुसती पायताणं करत नव्हते. विहिरीची मोट, पाण्याची पखाल, तेलाचा बुधला, बैलाच्या वाद्या, असं सगळं गावगाड्याचं काम होतं. मोट गेली ती ऑइल इंजिनांनी आणि विजेच्या पंपांनी, आणि त्यातली बरीच इंजिनं उद्यमनगरातच ओतली गेली. उरलं पायताण, म्हणजे कोल्हापुरी चप्पल. त्याला 2019 साली महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. कच्च्या मालाचं गणित मात्र 2015 च्या कायद्यानंतर बदललं. राज्यात बैलांची कत्तल बंद झाली, तेव्हापासून हाताशी राहतं ते मुख्यतः म्हशीचं कातडं. ते जाड, तळाला उत्तम. बॅगेच्या झापडाला दुमडायला जिकिरीचं.

माझी बॅग शेवटी त्या कारागिरांनीच केली. ‘सॅडलबॅग’ म्हटल्यावर ते गोंधळले, पडशी म्हटल्यावर लगेच, “मग तसं म्हना की!” झापडापुरती पातळ कातडी बाहेरून आणवली, बाकी म्हशीची. शिवण दोन सुयांची, एकाच भोकातून दोन्हीकडून दोरा, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. कोपऱ्यांना मात्र दोरा नको म्हणाले, तिथे चामड्याची वादीच ओवली, पायताणाला ओवतात तशी.

एक चूक दोघांकडूनही झाली. जावाला सायलेन्सर दोन, डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना. माप आम्ही गाडी बंद असताना घेतलं. साताऱ्यापर्यंत जाऊन आलो तर सायलेन्सरच्या धगीने दोन्ही बॅगांचे तळ कडक होऊन वाकलेले. आता उद्यमनगरातून लोखंडी सळीच्या दोन कमानी करून आणल्यात, बॅगा चार बोटं वर आल्या. तळांना एरंडेल पाजून त्या ओसरीत टांगून ठेवल्यात.